महाबळेश्वर ते जत: मातीतल्या बारीक जिवांचा नकाशा करायचा तर

प्रश्न साताऱ्यात प्राणिशास्त्र शिकणाऱ्या एका पदव्युत्तर विद्यार्थिनीचा आहे. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत मातीतले सूक्ष्म संधिपाद (सांधेदार पायांचे बारीक प्राणी) कुठे कोणते आढळतात, याचा नकाशा तिला करायचा आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत १२ तालुक्यांतून प्रत्येकी ५ सेंटीमीटर खोलीचा एक नमुना घ्यायचा, बर्लीझ नरसाळ्यातून (माती वरून तापवून प्राणी खालच्या बाटलीत पाडणारं साधन) प्राणी काढायचे आणि मोजायचे, असा बेत आहे. एवढं पुरेल का आणि काय काय सापडेल, असं तिने विचारलं आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत नको. बाकीचा आराखडा दुरुस्त करता येईल, पण वेळ चुकली तर त्याला दुरुस्ती नाही. एप्रिल-मेमध्ये जतच्या किंवा म्हसवडच्या माळावरची माती नरसाळ्यात घातलीत तर खालच्या बाटलीत थोडे माइट (कोळ्यांचे बारीक, आठ पायांचे भाईबंद), एखादी मुंगी आणि बरीचशी धूळ पडेल. त्याच आठवड्यात महाबळेश्वरच्या अंजन-जांभळाच्या रानातला पालापाचोळा घातलात तर मोजून थकाल. नकाशावर पश्चिमेला गर्दी आणि पूर्वेला ओसाडी दिसेल. तो नकाशा प्राण्यांचा नसेल, त्या आठवड्यातल्या ओलाव्याचा असेल.

याचं कारण नरसाळ्याच्या कामाच्या पद्धतीत आहे. वरून ऊब मिळते, माती वरून खाली वाळत जाते, कोरडेपणापासून पळणारा प्राणी खाली सरकतो आणि बाटलीत पडतो. म्हणजे चालू शकतो तोच सापडतो. अंडी, कात टाकण्यासाठी थांबलेले माइट, वाळून निपचित पडलेले प्राणी हे सगळे मातीतच राहतात. कोरड्या मुलखातल्या स्प्रिंगटेल (बिनपंखी, सहा पायांचे, बहुतेक उड्या मारणारे बारीक जीव) नेमक्या अशाच असतात. फोल्सोमिडीस अँग्युलॅरिस ही जात अंगातलं बहुतेक पाणी जाऊ देते, आक्रसून पडून राहते आणि ओल मिळाली की पुन्हा चालू लागते. काही जाती उन्हाळा अंड्यात काढतात, काही काळ्या जमिनीच्या भेगांतून खोल उतरतात. तुमचा ५ सेंटीमीटरचा नमुना यातलं काहीच दाखवत नाही. ‘सापडला नाही’ आणि ‘तिथे नाही’ यांतलं अंतर या विषयात फार मोठं आहे.

म्हणून कॅलेंडर बाजूला ठेवा आणि पावसापासूनचे दिवस मोजा. जमीन नीट भिजवणारा पाऊस, म्हणजे दिवसाला २० ते २५ मिलिमीटर, पडून गेल्यावर साधारण ७ ते १५ दिवसांत नमुना घ्यावा. माणदेशात जूनच्या सरींवर भिस्त ठेवू नका. तिथली खरी ओल परतीच्या पावसाची, सप्टेंबर-ऑक्टोबरची. महाबळेश्वर-कोयनेकडे उलटा त्रास. जुलै-ऑगस्टमध्ये मातीतली पोकळी पाण्याने भरलेली असते आणि वर राहणाऱ्या जाती पालापाचोळ्यात, खोडावरच्या शेवाळात चढून बसतात. त्या दिवसांत माती काढली तर पश्चिमही गरीब दिसते. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हाच काळ असा की दोन्ही टोकं एकाच मापाने मोजता येतात.

पूर्वेला पाऊसच झाला नाही, असं वर्ष येऊ शकतं. अशा वेळी एक चौरस मीटर जागा आखून तिच्यावर संध्याकाळी झारीने हळूहळू २० लिटर पाणी घाला. एका चौरस मीटरवर एक लिटर म्हणजे एक मिलिमीटर पाऊस, तेव्हा हा २० मिलिमीटरचा पाऊस झाला. वर गोणपाट टाका, सातव्या आणि चौदाव्या दिवशी नमुना घ्या आणि शेजारच्या न भिजवलेल्या जागेचाही घ्या. हे आकडे मूळ तक्त्यात मिसळू नका, वेगळ्या रकान्यात ठेवा. माझ्या मते प्रबंधातलं सगळ्यात बोलकं पान तेच ठरू शकतं.

आता तालुक्यांबद्दल. दोन्ही जिल्ह्यांचे मिळून २१ तालुके आहेत, पण तालुका हे महसुलाचं एकक आहे, मातीतल्या प्राण्याला त्याचं सोयरसुतक नाही. एकट्या शिराळा तालुक्यात चांदोलीचं रान आहे आणि वारणाकाठचा ऊसही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तिथून सरळ रेषेत सुमारे सव्वाशे किलोमीटरवर, म्हसवडला, पाचशेच्या आसपास. इतक्या थोड्या अंतरात एवढा उतार फार ठिकाणी मिळत नाही, त्याचा फायदा घ्या. तीन पट्टे धरा: घाटमाथा (महाबळेश्वर, कोयना, चांदोली), मधला पट्टा (वाई, पाटणचा पूर्व भाग, कराड, वाळवा) आणि पूर्वेचा दुष्काळी पट्टा (माण, खटाव, आटपाडी, जत). प्रत्येक पट्ट्यात दोन राखलेल्या जागा आणि दोन कसलेल्या जागा. झाली १२ ठिकाणं, तुमचा आकडा कायम राहिला. राखलेली जागा म्हणजे देवराई, जुनं गवताळ रान, पिढ्यान्‌पिढ्या न नांगरलेला बांध. कसलेली म्हणजे ऊस, द्राक्ष, ज्वारी, स्ट्रॉबेरी, जे त्या पट्ट्यात खरोखर चालतं ते.

ही जोडी का हवी? एकाच गावातली देवराई आणि तिच्या कडेचं नांगरलेलं वावर यांतला फरक अनेकदा दोन तालुक्यांतल्या फरकापेक्षा मोठा निघतो. प्रत्येक तालुक्यातून एकच नमुना घेतला आणि तो योगायोगाने एका ठिकाणी बांधावरून, दुसऱ्या ठिकाणी सरीतून आला, तर सरी-बांधाचा फरक तुम्ही भूगोलाचा म्हणून छापाल.

तीन फेऱ्या करा, पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने, आणि प्रत्येक फेरीत सगळी १२ ठिकाणं असू द्या. आधी सगळा घाटमाथा उरकून महिन्याने पूर्वेला जाणं सोयीचं वाटतं, गाडीभाडंही वाचतं, पण मग ठिकाण आणि ऋतू यांची गाठ कुठल्याही संख्याशास्त्राने सुटत नाही.

परवानगीचं आधी बघा. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान हे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतात; तिथून मूठभर माती उचलायलाही वन्यजीव विभागाची लेखी परवानगी लागते. तो अर्ज महाविद्यालयामार्फत, काही महिने आधी गेला पाहिजे. कासचं पठारही वनखात्याकडे आहे. परवानगी वेळेत मिळणार नसेल तर घाटमाथ्यावरच्या मालकी रानातल्या किंवा गावाच्या ताब्यातल्या देवराया निवडा. देवराईत गुरव आणि गावकऱ्यांना विचारल्याशिवाय हात घालू नका. पुष्कळ ठिकाणी वाळलेलं पानही बाहेर नेत नाहीत, तिथे नकार मिळाला तर तो मान्य करून पुढचं गाव गाठायचं.

नमुना घेण्यासाठी महागडं यंत्र नको. आतून साधारण ५ सेंटीमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप ६ सेंटीमीटर लांबीचा कापा, एका टोकाची धार बाहेरून कानसून घ्या आणि ५ सेंटीमीटरवर खूण करा. आतला व्यास व्हर्नियरने मोजा, दुकानदाराने सांगितलेला माप बहुधा बाहेरचा असतो. ५ सेंटीमीटर व्यासाला क्षेत्रफळ १९.६ चौरस सेंटीमीटर येतं. एका ठिकाणी १० मीटरच्या परिघात असे तीन गाभे (पाइपात कापून येणाऱ्या मातीच्या वड्या) घ्या आणि तिन्ही एकाच नरसाळ्यात शेजारी-शेजारी ठेवा. एकूण क्षेत्र सुमारे ५९ चौरस सेंटीमीटर झालं, म्हणजे मोजलेल्या आकड्याला १७० ने गुणलं की दर चौरस मीटरचा आकडा. पालापाचोळा आधी वेगळा उचलून त्याच जागेच्या नावाने वेगळ्या पिशवीत घ्या. फांदी, दगड पाइपखाली आला तर तो गाभा टाकून शेजारी घ्या. हातोडीने ठोकून पाइप आत घातला की मातीतली पोकळी दबते आणि आतले प्राणी चिरडतात, म्हणून हाताने फिरवत दाबा. मुरमाड जमिनीत तो जाणारच नाही. तिथे आणि कासच्या कातळावर, जिथे जांभ्यावर चार बोटं माती असते, १० × १० सेंटीमीटरचा चौकोन आखून चमच्याने माती उचला आणि खोली मोजून लिहा.

गाभा पाइपसकट पिशवीत ठेवा, पिशवीत थोडी हवा राहू द्या, थर्माकोलच्या पेटीत सावलीत न्या. जतहून साताऱ्याला येताना गाडीच्या डिकीत उन्हात तापलेली पेटी म्हणजे शिजलेला नमुना. बर्फावर थेट ठेवणंही वाईट. २४ तासांत, फार तर ४८ तासांत, माती नरसाळ्यावर चढली पाहिजे. १२ नरसाळी असतील तर एक फेरी एकाच वेळी मावते, म्हणून आकडा १२ चा धरला. पालापाचोळ्यासाठी वेगळी नरसाळी नसतील तर त्या पिशव्या थंड जागी ठेवा आणि माती उतरल्यावर चढवा, सगळ्या १२ ठिकाणांच्या सारख्याच दिवशी.

नरसाळ्याची मूळ कल्पना इटलीच्या अंतोनियो बर्लीझ याची, १९०५ ची. त्याने गरम पाण्याचं आवरण वापरलं होतं. स्वीडनच्या आल्बर्ट टुलग्रेनने १९१८ मध्ये वर विजेचा दिवा आणला. तुम्ही दिव्याचंच करणार आहात, म्हणजे खरं तर टुलग्रेन नरसाळं.

डिझेल-रॉकेल ओतायला मिळतं तसं २० ते २५ सेंटीमीटर तोंडाचं गुळगुळीत प्लॅस्टिकचं नरसाळं चालतं. आत २ मिलिमीटर छिद्रांची तारेची जाळी गोल कापून बसवा. माती भुसभुशीत असेल तर तिच्यावर गॉजचा एक पदर. गाभा उलटा ठेवा, म्हणजे जमिनीचा वरचा भाग खाली. बहुतेक प्राणी वरच्या थरात असतात, त्यांना बाहेर पडायला कमी अंतर राहतं आणि मुळांच्या, गांडुळांच्या तयार वाटा मोकळ्या राहतात. गाभा हाताने कुस्करू नका. माती नरसाळ्याच्या भिंतीला टेकू देऊ नका, बोटभर जागा चहूबाजूंनी ठेवा. टेकली की वाळताना निघणारी वाफ भिंतीवर जमते आणि स्प्रिंगटेल त्या थेंबांतच चिकटून मरतात.

माती ठेवल्यावर लगेच बाटली लावू नका. अर्धा तास खाली कोरा कागद धरा, सुरुवातीला झडणारी माती त्यावर पडेल, ती परत वर टाका आणि मग बाटली लावा. एवढ्याने पुढचं निवडण्याचं काम निम्म्यावर येतं.

बल्ब २५ वॅटचा, जुना तारेचा. दुकानात हल्ली एलईडीच पुढे करतात. तो उजेड देतो पण ऊब जवळजवळ नाही, आणि इथे काम उबेचं आहे. सगळे बल्ब एका डिमरवर घ्या. पहिले दोन दिवस मंद, मातीच्या पृष्ठभागावर ३० अंशांच्या आत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ३५, शेवटी ४५. पहिल्याच दिवशी पूर्ण प्रकाश दिला तर वरचा थर कडक पापडासारखा होतो आणि मऊ अंगाचे प्राणी, विशेषतः प्रोट्युरा आणि पॉरोपोडा, निम्म्या वाटेत वाळून मरतात. हे दोन गट कुणाच्या यादीत नसले की मी आधी त्यांच्या बल्बची चौकशी करतो. मुदत साधारण ७ दिवस, ओल्या काळ्या मातीला ९-१० लागतात. माती हाताला पूर्ण कोरडी लागली की थांबा. १२ बल्ब म्हणजे ३०० वॅट, सात दिवसांत पूर्ण तेजावर ५० युनिटच्या आसपास वीज. वीज गेली तर किती तास गेली ते लिहून ठेवा.

बाटलीत ७० ते ८० टक्के इथाइल अल्कोहोल, २५ मिलिलिटर, त्यात दोन-चार थेंब ग्लिसरीन. डीएनए तपासायचा विचार असेल तर ९५ टक्के किंवा अधिक. आपल्या भागात साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या मळीपासून स्पिरिट काढतात आणि तरी प्रयोगशाळेला ते उत्पादन शुल्क खात्याच्या परवान्याशिवाय मिळत नाही, म्हणून महाविद्यालयाच्या साठ्यातूनच घ्या. नाहीच मिळालं तर ७० टक्के आयसोप्रोपिल चालतं. सॅनिटायझरची जेल अजिबात नको, प्राणी तिच्यात अडकतात आणि सुटत नाहीत. बल्बच्या उबेने अल्कोहोल उडतं, दोन दिवसांनी पातळी बघा. स्प्रिंगटेलच्या अंगावर पाणी टिकत नाही, त्या वर तरंगतात. बाटली हलवून तासभर ठेवल्याशिवाय वरचं ओतून देऊ नका.

कृष्णाकाठच्या चिकण काळ्या मातीत नरसाळं कमी पडतं. माती वाळताना आवळते, वाटा बंद होतात, प्राणी आतच गाडले जातात. क्षारपड, चोपण जमिनीत तर आणखी वाईट. तिथे तरंगवण्याची पद्धत वापरा. शेजारून तेवढ्याच आकाराचा वेगळा गाभा घ्या, ५ टक्के सोडियम हेक्सामेटाफॉस्फेटच्या पाण्यात रात्रभर भिजवा, म्हणजे चिकणमाती सुटते. सकाळी बारीक नायलॉनच्या कापडावर (छिद्र ५० मायक्रॉनच्या आत) धुवा. उरलेला गाळ मिठाच्या संपृक्त द्रावणात सोडा: एक लिटर पाण्यात सुमारे ३६० ग्रॅम मीठ, घनता १.२ च्या आसपास येते. ढवळा, २० मिनिटं थांबा, वरचं पाणी त्याच कापडातून ओता. हे तीनदा करा. मग साध्या पाण्याने नीट धुवूनच अल्कोहोलमध्ये घाला, नाहीतर मिठाचे कण बाटलीत बसतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली प्राण्यांपेक्षा तेच जास्त दिसतात. या पद्धतीत मेलेले आणि निपचित पडलेले प्राणीही येतात, त्यामुळे नरसाळ्याचे आकडे आणि हे आकडे एका रकान्यात बेरजेला घेऊ नका. एकच पद्धत सर्वत्र चालवायची असेल तर नरसाळं ठेवा आणि काळ्या मातीच्या ठिकाणी किती टक्के सुटतात ते तरंगवून ताडून पाहा.

निवडताना आधी पाय मोजा. सहा पाय, पंख नाहीत: स्प्रिंगटेल, प्रोट्युरा किंवा डिप्ल्युरा. स्प्रिंगटेलच्या पोटाखाली पहिल्या खंडावर नळी असते आणि बहुतेकांना मागे दुमडलेली उडी मारायची काटी. मिशा नाहीत, डोळे नाहीत आणि पुढचे पाय मिशीसारखे वर धरलेले, तर तो प्रोट्युरा. हा गट जगाला १९०७ मध्ये सिल्व्हेस्ट्रीच्या वर्णनामुळे कळला. शेपटीला दोन लांब दोरे किंवा चिमटा, तर डिप्ल्युरा. आठ पाय: माइट किंवा आभासी विंचू (विंचवासारखे चिमटे, पण नांगी नाही). पायांच्या नऊ जोड्या आणि फांदीसारख्या मिशा: पॉरोपोडा. बारा जोड्या: सिम्फायला. इथे हमखास फसगत होते ती अशी की माइटच्या पिल्लाला सहाच पाय असतात, आणि सिम्फायला-पॉरोपोडा पिल्लं कमी जोड्या घेऊन जन्मतात. ओरिबॅटिड माइटची पिल्लं मऊ, फिकट असतात आणि कवचबंद प्रौढाशी त्यांचं रूप जुळत नाही. त्यांची वेगळी जात म्हणून नोंद झाली की विविधता फुकट वाढते. पिल्लं वेगळी मोजा आणि जातींच्या गणतीत धरू नका.

आता काय सापडेल ते. घाटमाथ्याच्या जुन्या रानात ओरिबॅटिड माइट आणि स्प्रिंगटेल यांचीच बहुसंख्या. पानांच्या थरात रंगीत, लांब काटीच्या, डोळे असलेल्या स्प्रिंगटेल. त्याखालच्या मातीत पांढऱ्या, आंधळ्या, आखूड मिशांच्या. हा फरक डोळ्यांनी दिसतो आणि जात ओळखता आली नाही तरी नोंदवता येतो. प्रोट्युरा, पॉरोपोडा, आभासी विंचू यांची शक्यता इथेच जास्त. कासवर पावसाळ्यात साचलेल्या पाण्याच्या कडेने, पाण्याच्या कातडीवर उड्या मारणाऱ्या गोल अंगाच्या स्प्रिंगटेल दिसतात. त्या मातीच्या नमुन्यात येणार नाहीत, पांढऱ्या ताटलीत पाण्याचा थर उचलून घ्याव्या लागतात.

मधल्या पट्ट्यात शेतीच चित्र ठरवते. खोडवा राखताना पाचट जाळलं की पृष्ठभागावरचे सगळे जातात, खालचे बरेच वाचतात. पाचट सरीत ठेवलं तर काही आठवड्यांत स्प्रिंगटेल वाढतात, कारण बुरशी वाढते आणि ती त्यांचं अन्न. तासगाव-पलूसकडच्या द्राक्षबागांत वर्षानुवर्षं बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना) फवारलेलं असतं. तांबं मातीतून जात नाही, वरच्या थरात साठतं, म्हणून तिथे मातीतलं तांबं तपासून घेणं उपयोगाचं. कीटकनाशक फवारलेल्या जमिनीचा नमुना वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. डीडीटीच्या काळातल्या प्रयोगांत फवारणीनंतर स्प्रिंगटेल वाढलेल्या दिसल्या, कारण त्यांना खाणारे माइट आधी मेले होते. स्प्रिंगटेल भरपूर म्हणजे जमीन निरोगी, असं सरळ गणित नाही. शिकारी मेसोस्टिग्मॅटा माइट किती आहेत ते शेजारी लिहा. सिम्फायला भरपूर निघाले तर शेतकऱ्याला कोवळ्या मुळांवर नजर ठेवायला सांगा, त्यातल्या काही जाती मुळं खातात.

पूर्वेच्या माळावर गणित बदलतं. ओरिबॅटिड मागे पडतात, प्रोस्टिग्मॅटा गटाचे नाजूक माइट पुढे येतात. कोरड्या प्रदेशांत जगभर असंच दिसतं. स्प्रिंगटेलमध्ये खवलेधारी सेइरा वंशाच्या जाती, मुंग्या-वाळवीच्या वारुळात राहणाऱ्या सायफोडेरस. वारुळाच्या आसपासचा गाभा आणि मोकळ्या माळावरचा गाभा वेगळे नोंदवा. बाभळी-बोरीच्या सावलीत आणि दोन हात बाहेर उन्हात, इतका फरक पडतो की प्रत्येक ठिकाणी तीन गाभ्यांतला एक झुडपाखालचा आणि दोन मोकळ्यातले, असा नियम आधी ठरवून टाका आणि बाराही ठिकाणी तोच पाळा.

उष्ण कटिबंधात सगळंच जास्त, हा समज मातीत चालत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २,४७० ठिकाणांच्या आकड्यांवर आधारलेल्या जागतिक अभ्यासात स्प्रिंगटेलचं एकूण वजन २.७५ कोटी टन कार्बन इतकं निघालं, जमिनीवरच्या सगळ्या वन्य पृष्ठवंशीयांच्या तिप्पट. त्यातली दाटी सर्वांत जास्त टुंड्रात आहे. तिथलं आणि उष्ण कटिबंधातलं वजन यांत वीस पटींचा फरक. उष्णतेत देह चालवण्याचा खर्च वाढतो, म्हणून कमी वजनाचे प्राणी तेवढीच ऊर्जा वापरतात. जातींची संख्या मात्र दाटीच्या मागे जात नाही. तेव्हा युरोपातल्या पाठ्यपुस्तकातला दर चौरस मीटरचा आकडा घेऊन ‘आपली जमीन मेलेली’ असा निष्कर्ष काढू नका. कराडच्या वावराची तुलना कराडच्या देवराईशी करा.

आणखी एक. शेतात सापडणाऱ्या बऱ्याच जाती जगभर पसरलेल्या निघतात: क्रिप्टोपायगस थर्मोफिलस, टेक्टोसेफियस वेलाटस, ऑपिएला नोव्हा. यांतले काही नराशिवायच वाढतात, वारा, पाणी, रोपवाटिकेची माती यांबरोबर जातात. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात आणि मिरजेच्या बागेत एकच जात मिळाली तर तो भूगोल नाही, वाहतूक आहे. स्थानिक जाती शोधायच्या तर जुन्या रानाची खालची माती, कुजका ओंडका, कातळाच्या भेगेतली माती इथे वेळ घाला.

जातीपर्यंत ओळखण्याचा हट्ट पहिल्या वर्षी धरू नका. गणापर्यंत पोचून इटलीत विट्टोरियो पारिसी यांनी २००१ मध्ये मांडलेला क्यूबीएस निर्देशांक (मातीच्या जैविक प्रतीचं माप) काढता येतो. प्रत्येक गटाला मातीशी असलेल्या जुळवणीनुसार १ ते २० गुण: प्रोट्युरा, डिप्ल्युरा, सिम्फायला, पॉरोपोडा, माइट, आभासी विंचू यांना २०; स्प्रिंगटेलना डोळे, रंग, काटीची लांबी बघून १ ते २०. एका गटात अनेक प्रकार असतील तर सर्वांत जास्त गुण तेवढे धरायचे आणि बेरीज करायची. या गुणांची सीमारेषा तिकडची आहे, आपल्याकडे फक्त ठिकाणा-ठिकाणांची तुलना करायला वापरा. मूळ पद्धतीत १० × १० × १० सेंटीमीटरचे तीन नमुने असतात, ते न पाळता गुण छापलेत तर तसं स्पष्ट लिहा.

सरासरी काढतानाही जपून. स्प्रिंगटेल गंधाच्या आधाराने घोळक्याने राहतात. दोन गाभ्यांत दहा-दहा आणि तिसऱ्यात चारशे, हे नेहमीचं. सरासरीऐवजी मध्यक द्या, लॉग घ्या किंवा ऋण द्विपदी वितरण वापरा. शून्य आलेला गाभा टाकून देऊ नका.

प्रत्येक नमुन्याबरोबर २० ग्रॅम माती १०५ अंशांवर २४ तास वाळवून ओलावा, आणि १ : २.५ पाण्यात सामू (पीएच) मोजा. जांभ्यावरची माती आम्लधर्मी, पूर्वेची चुनखडीयुक्त काळी माती ८ च्या आसपास. या एका आकड्यानेही बरंच उलगडतं.

काचपट्टी करायची तर ओरिबॅटिड लॅक्टिक आम्लात काही दिवस ठेवून खोलगट काचेवर फिरवून बघा, कायम चिकटवू नका. स्प्रिंगटेल १० टक्के कॉस्टिक पोटॅशच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) द्रावणात थोडा वेळ पारदर्शक करून हॉयरच्या माध्यमात (काचपट्टीवर नमुना बसवायचा चिकट द्रव) बसवा. हे माध्यम हवेतली ओल ओढतं. महाबळेश्वरच्या हवेत पट्टी महिनोन्‌महिने ओलीच राहते. ४० ते ४५ अंशांवर आठवडाभर वाळवून कडेला नेलपॉलिशचे दोन हात द्या.

चिठ्ठी बाटलीच्या आत, शिसपेन्सिलने लिहिलेली. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. तिच्यावर गाव, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, खोली, पीक किंवा झाडोरा, आणि शेवटचा पाऊस किती दिवसांपूर्वी किती झाला. नकाशावर तीन खुणा ठेवा: सापडला, ओल असूनही सापडला नाही, आणि जमीन कोरडी असताना घेतलेला नमुना. काम संपल्यावर प्रत्येक जातीसदृश गटाचे दोन-तीन नग पुण्याला आकुर्डीत भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात जमा करता येतील का, ते आधीच पत्राने विचारून ठेवा. ‘सेइरा जात क्र. २’ एवढंच लिहून बाटली कपाटात राहिली तर पुढच्या माणसाला ती तुमच्याच क्र. ३ शी ताडून बघता येत नाही.